बुवांचे पाय

आसनगाव, ता. शहापूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय महिपत,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलं-बिलं नाय. फोनच केला असता, पण ऐकायला कमी यायला लागल्यापासून तू फोन कायम स्पीकरवर ठेवतोस, आणि माझं बोलणं तुझ्याआधी तुझी शेजारीण हिराबाई ऐकते. वॉट्सॅप करावं तर तुझी पोरगी भूमिका तो तुला मोठ्यानं वाचून दाखवते. मला जे बोलायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखं नाय. म्हणून पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "पाकीट? नक्की?"

तर सव्वीस जानेवारीची गोष्ट. शाळेतले आपण चौघं माझ्या ओटीवर चहा पीत बसलो होतो आणि नम्रतानं तो खेळ काढला. आवडतं, पण सांगायला लाज वाटते, असं गाणं ज्यानं त्यानं कबूल करायचं. मला वाटलं, आता येणार मजा. आणि काय रे ती तुमची कबुली! नम्रता म्हणे, "मला पेटीपेक्षा सारंगी जास्त आवडते, काय करू, मोह आहे." मनोजनं तर मान खाली घालून सांगितलं, की तो कधीकधी सकाळचा राग दुपारी ऐकतो. जसा काय खूनच केलाय. आणि तू, बुवा महाराज, डोळे मिटून म्हणालास, "माझ्याकडून कधीकधी गजर जरा जलद लयीत होतो." अरे, ही काय कबुली झाली? हा तर आपणच आपला केलेला सत्कार.

तेवढ्यात रस्त्यानं कुणाच्या तरी हळदीची बेंजो पार्टी गाडीतून नाचाची गाणी वाजवत गेली. नम्रतानं कान झाकले. मनोजनं संस्कृतीवर भाषण सुरू केलं. तू तोंड वाकडं करून म्हणालास, "ह्या बेंजोनं समाज नासवला." पण महिपत, तुझी बशी वाजत होती. मांडीवरची बशी, कपासकट, बरोबर ठेक्यात. मी हळूच खाली बघितलं. तुझ्या उजव्या पायाचा अंगठा नाचत होता आणि डावा पाय त्याच्यावर चढून त्याला दाबून धरत होता.

मी कोणाला बोललो नाय. आता मला तरी खरं सांग.

आधी माझं सांगतो, म्हणजे तुला धीर येईल. मी आसनगावातला मोठा रसिक. मैफलीत पहिल्या रांगेत बसणारा आणि योग्य जागी 'वाः' म्हणणारा. तर ऐक. मला घंटागाडीचं गाणं आवडतं. हो, कचऱ्याच्या गाडीचं. सकाळी साडेसातला ती वळणावर आली की माझा चहा हातात राहतो. त्यातली बाई 'ओला वेगळा, सुका वेगळा' म्हणताना दुसऱ्या 'वेगळा'वर जी सुरेल हरकत घेते, तिच्यासाठी मी डबा घेऊन चपला न घालता धावतो. तुझी गोजरवहिनी समजते, नवरा रिटायर झाल्यावर सुधारला. आळीतल्या बायकांना माझं उदाहरण देते. तिला सांगितलंस तर मैत्री संपली.

तुझा,
अनिल


पो. धसई, ता. मुरबाड
११ फेब्रुवारी २०२५

अनिल यांस,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. बशी थंडीनं वाजत होती. जानेवारीत थंडी असते. मी साठीचा माणूस, माझे पाय थरथरतात, त्याचा तू भलता अर्थ काढलास.

मी कोण आहे ते तू विसरलास काय? पंधरा वर्षं मी भजन मंडळाचा बुवा आहे. तीन वर्षांमागं गावातल्या मंगळीच्या पोरीच्या, भाविकाच्या हळदीला बेंजोची गाडी आली, तेव्हा टाळ घेऊन वेशीवर आडवा उभा राहिलो आणि गाडी परत धाडली. दुसऱ्या दिवशी मंडळानं त्याचाच नियम केला, गावात हळदीला बेंजो बंद. पेपरात माझा फोटो आला होता. तो कापून देवळात लावलाय. येशील तेव्हा बघ.

वरचं लिहून गोठ्यात गेलो, दूध काढून आलो. आता खरं लिहितो. कागद वाया नको म्हणून वरचं खोडत नाय.

मला बेंजो आवडतो रे. साधा नाय, लय आवडतो. गोठ्यात म्हशीपुढं बसतो, भूमिकाच्या जुन्या फोनची वायर कानात घालतो, वरून मफलर गुंडाळतो आणि ऐकतो. मफलर मे महिन्यातपण. गावाला वाटतं बुवा गळा जपतात. त्या पट्ट्यांवर बोटं नाचायला लागली आणि मागून ताशा आला, की माझ्या डोळ्यांना पाणी येतं. अभंग गाताना येत नाय, देवा शपथ. अभंगाला मी डोळे मिटतो, ते पाणी नाय हे कोणाला कळू नये म्हणून.

आणि गाडी परत धाडली त्या दिवशीचं सांगू? मी देवळात होतो. लांबून बेंजो ऐकू आला आणि माझे पाय उठले. मी नाय उठलो, पाय उठले. घाबरलो. गावानं बुवाला नाचताना बघितलं तर उद्या माझा अभंग कोण ऐकेल? म्हणून टाळ उचलले आणि धावत जाऊन गाडीच्या पुढ्यात उभा राहिलो. बंदी मी गावासाठी नाय आणली अनिल, माझ्या पायांसाठी आणली. मंगळी विधवा बाई, पोरीची एवढी हौस करत होती. ती तेव्हा माझ्याकडं नुसती बघत राहिली.

आता भूमिकाचं लग्न ठरलंय. एकोणीस एप्रिलला हळद. पोरीनं काय मागावं? दागिना नाय, शालू नाय. म्हणते, "बाबा, बेंजो आणा आन् माझ्यासोबत एक गाणं नाचा. बाकी काय केलं नाय तरी चालंल." मी नाय म्हटलं. तेव्हापासून "बाबा, जेवा" आणि "बाबा, दार लावा" एवढंच बोलते. तिची आई गेल्यावर घरात आमी दोघंच. दोन महिन्यांनी ती जाणार, आणि मी एकटा त्या म्हशीपुढं बसणार. जाताना अशी अबोल गेली तर मला सहन होणार नाय. काय करू ते लिही.

पत्र फाडून टाक.

ह.भ.प. महिपत बुवा,
अध्यक्ष, भजन मंडळ

ता.क. सही सवयीनं झाली.


आसनगाव
४ मार्च २०२५

प्रिय बुवा,

उशीर झाला. डोळ्यात मोतीबिंदू निघालाय, त्याच्या तपासण्या चालू होत्या.

पाकिटावर तुझी सगळी बिरुदं घातलीत बघ, 'ह.भ.प. महिपत बुवा, अध्यक्ष, भजन मंडळ'. तू मित्राला तशी सही करतोस, मग मी मान नको द्यायला? चिडवायलाच लिहिलंय. चिड.

तर, गोठ्यात म्हशीपुढं बसून चोरून बेंजो ऐकणारा बुवा! वरून मफलर! वाचून मी इतका हसलो की गोजरनं पाणी आणून दिलं. पण मग हसू येईना. तू रोज सकाळ-संध्याकाळ बेंजोत बुडतोस, बेंजो ऐकून तुझे डोळे भरतात, आणि त्याच बेंजोसाठी तू मंगळीच्या पोरीची हळद सुनी केलीस. हे काय बरोबर नाय केलंस महिपत. आता आपल्या पोरीची तरी करू नको. एक गाणं नाच. आभाळ कोसळत नाय.

अनिल


पो. धसई
१२ मार्च २०२५

अनिल, गाढवा,

बिरुदं कशाला लिहिलीस?

आमच्या मंडळाची रीत तुला ठाऊक नाय. बुवाच्या नावापुढं 'ह.भ.प.' लिहून आलेलं पत्र बुवाचं नसतं, मंडळाचं असतं. ते एकादशीला हरिपाठ झाल्यावर देवळात फोडायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. आधीच्या बुवांनी एकदा भजन स्पर्धेचं आमंत्रण खिशात दाबून ठेवलं होतं, तेव्हापासून हा नियम. नुसतं 'महिपत' लिहिलं असतंस तर पोस्टमननं माझ्या हातात दिलं असतं. त्यानं ते देवळात नेऊन दिलं.

परवा आमलकी एकादशी. हरिपाठ झाला. आमचा पखवाजवाला कमळू उठला, पाकीट दाखवून म्हणाला, "आसनगावचं पत्र हाय, बुवांच्या मित्राचं." तुझं अक्षर लांबून ओळखलं मी. उठायला गेलो तर पायच उठेनात. नको तेव्हा उठतात, पायजे तेव्हा नाय उठत.

कमळूनं पत्र फोडलं. मोतीबिंदूचं वाचलं, पुढच्या ओळींवर आला आणि थांबला. माझ्याकडं बघितलं. मग घसा साफ केला आणि वाचलं, "गोठ्यात म्हशीपुढं बसून चोरून नामस्मरण करणारा बुवा!" पुढं वाचलं, "तू रोज सकाळ-संध्याकाळ नामात बुडतोस, नाम ऐकून तुझे डोळे भरतात." मंगळीचं सगळं गाळलं. शेवटी वाचलं, "आभाळ कोसळलं तरी नाम सोडू नको."

मग हिराबाईनं हंबरडा फोडला. "आमाला वाटायचं बुवा नुसते दूध काढतात!"

आता माझे हाल ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोठ्यात रांग. बाया येतात, म्हशीला हळद-कुंकू लावतात, तिच्या कानाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावतात. एवढं नाम ऐकलेली म्हैस आहे ना. मला बसायला जागा नाय. दोन दिवस बेंजो ऐकला नाय. म्हैसपण दूध कमी देते, तिलापण सवय होती.

कमळूला गाठला. विचारलं, का रे असं वाचलंस? तो म्हणाला, "बुवा, मी शहापूरला बेंजोत ताशा वाजवतो. तीन वर्षं. घरी सांगतो रंगकामाला जातो. तुमचं उघडं पडलं असतं तर उद्या माझं पडायला किती वेळ?" मग हळूच म्हणाला, "तुमी कुठला ऐकता? आमच्या पार्टीचा हाय काय त्यात?"

आहे. तोच जास्त आहे. पण मी सांगितलं नाय.

महिपत


आसनगाव
१६ मार्च २०२५

महिपत,

चुकलो. कान पकडतो. ह्या वेळी पाकिटावर नुसतं नाव आहे, बापाचंपण नाय घातलं.

पण मला काय वाटतं सांगू? खोट्यावर खोटं चढत गेलं की उतरता येत नाय. पंचवीस तारखेला पापमोचनी एकादशी आहे, याच्यापेक्षा चांगला दिवस कुठला? उभा राहा आणि सरळ सांगून टाक. तुझ्या गावची माणसं चांगली आहेत, समजून घेतील. फार तर चार दिवस हसतील.

म्हशीला नमस्कार.

अनिल


पो. धसई
२८ मार्च २०२५

अनिल,

सांगून टाकलं. सगळं. पापमोचनीला हरिपाठ झाल्यावर उभा राहिलो, हात जोडले आणि म्हटलं, "ते पत्र खोटं वाचलं. मी नाम घेत नव्हतो, बेंजो ऐकत होतो. मला बेंजो आवडतो. मंगळीच्या भाविकाची हळद मी माझ्या भीतीपायी थांबवली."

देवळात तीसेक माणसं. मी वाट बघतोय, आता कोण पहिला शिवी देतो. आणि हिराबाई उठली, सरळ माझ्या पायांवर पडली. म्हणते, "बघा रे, बुवांनी आपलं पाप आपल्या अंगावर घेतलं! बेंजो आपली पोरं ऐकतात, आन् कबुली बुवा देतात!"

मी ओरडलो, "अगो हिराबाई, खरंच ऐकतो!" फोन काढला, बेंजो लावून दाखवला, स्पीकरवर. तर म्हणतात, "बुवांनी पुरावापण स्वतःच आणला." कमळूनं साक्ष दिली, तर त्यालाच दम, बुवांना बदनाम करतोस म्हणून. एकानं विचारलं, बुवा खोटं कशाला बोलतील? दुसरा म्हणाला, आपली परीक्षा घेतायत. मग एकेकानं येऊन पायाला हात लावला. ज्या पायांची कबुली देत होतो, त्याच पायांना.

पुढं ऐक. बुवांनी एवढं सोसलं म्हणून मंडळानं तिथल्या तिथं ठराव केला, बंदी आणखी कडक. आता हळदीला नुसता बेंजोच नाय, फोनची ट्यूनपण बेंजोची चालणार नाय. आणि ह्याची सुरुवात बुवांच्या घरच्या हळदीपासून.

मंगळी मागं खांबाला टेकून होती. तिनं पायाला हात लावला नाय. उठून गेली.

भूमिकानं घरी आल्यावर विचारलं, "बाबा, तुमी देवळात खरं बोललात ना?" म्हटलं, हो. ती म्हणाली, "मला म्हाईत होतं. लय दिवसांपासून म्हाईत हाय. तुमच्या मफलरातून गोठ्याबाहेर आवाज येतो. तुमाला कमी ऐकू येतं म्हणून तुमी मोठा लावता." मग रडली. म्हणाली, "तरी माझ्या हळदीला नायच ना?"

महिपत


आसनगाव
३ एप्रिल २०२५

महिपत,

तुमच्या गावात खरं बोलायचीपण सोय नाय.

रडू नको, मार्ग आहे. हळद इकडं कर. शहापूरला माझ्या ओळखीचा हॉल आहे, एकोणीसला मोकळा आहे, मी शब्द घातलाय. मंडळाचा नियम तुमच्या वेशीच्या आत. इकडं बेंजो आण, नाच, पोरीला खूश कर आणि रात्रीच्या आत घरी जाऊन टाळ वाजव. कमळूला लांबपण पडणार नाय.

मी मात्र नसेन. सोळाला कल्याणला डोळ्याचं ऑपरेशन आहे. पंधरा दिवस पट्टी, धूळ नको, वाचायचं नाय. पत्र लिहिलंस तर गोजर वाचून दाखवेल, तेव्हा माझ्या 'त्या' गोष्टीचा उल्लेख नको.

अनिल


पो. धसई
२२ एप्रिल २०२५

गोजरवहिनी, नमस्कार.

हे तुमी वाचताय, तर आधी दोन ओळी तुमच्यासाठी. अनिल रोज सकाळी कचऱ्याचा डबा घेऊन धावतो तो तुमच्या मदतीला नाय, घंटागाडीतल्या बाईचं गाणं ऐकायला. मी गावापुढं कबुली दिली, त्यानं तुमच्यापुढंपण नाय दिली. मदत पायजे असेल तर गाडीचं गाणं मोबाईलमध्ये भरून घ्या आणि भांड्यांच्या वेळेला लावा. आता पुढचं त्याला वाचून दाखवा.

अनिल, हॉल ठरवला होतास ते चांगलं केलंस. मीपण खूश होतो. अक्षता घेऊन घरोघर आमंत्रणाला निघालो. मंगळीकडं शेवटी गेलो. ती अंगणात वालाच्या शेंगा झोडत होती. अक्षता घेतल्या, पदराला बांधल्या आणि विचारलं, "हळद कुठं?"

म्हटलं, "शहापूरला. हॉलवर."

"बेंजो हाय?"

मी खोटं बोलणार होतो. पण पुरे झालं होतं खोटं. म्हटलं, "हाय."

ती म्हणाली, "म्हंजे तुमच्या पोरीला हॉल, आन् माझ्या पोरीला वेस." आणि परत शेंगा झोडायला लागली.

घरी येता येता एक कळलं. मी देवळात तीस माणसांपुढं कबुली दिली, पण जिची हळद बुडवली तिच्या दारात कधी गेलोच नव्हतो. भूमिकाला म्हटलं, "हॉल नको. हळद इथंच. पण बेंजोचं पहिलं गाणं मी दुसऱ्याच्या दारात दिलं तर चालंल?" तिला लगेच कळलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. "चालंल. पण नाचणार ना?"

एकोणीसला उन्हं कलली तशी मी बोलावलेली बेंजोची गाडी आली. गाडी दिसताच वेशीवर अख्खं मंडळ टाळ घेऊन उभं, हिराबाई सगळ्यांत पुढं. मी गेलो आणि तीन वर्षांमागं जिथं उभा राहिलो होतो तिथंच, गाडीच्या पुढ्यात उभा राहिलो. लोक म्हणाले, "बघा आता, बुवा कसे परत धाडतात." गाडीत कमळू बसला होता, गळ्यात ताशा, तोंड न झाकता. मी टोपी काढून खिशात घातली आणि म्हटलं, "वाजव."

पाय उठले अनिल. ह्या वेळी मीपण त्यांच्यासोबत उठलो.

हिराबाई ओरडली, "कोणी हलू नका! बुवा परीक्षा घेतायत!" आणि मंडळ हललं नाय. तीस माणसं टाळ धरून पुतळ्यासारखी उभी आणि मध्ये मी एकटा नाचतोय. हिराबाईचे टाळ तेवढे ठेक्यात वाजत होते, ते तिला कळलंपण नसेल. अजून अर्धं गाव म्हणतं ती परीक्षाच होती, आणि भांडण चाललंय की कोण पास झालं. मला बुवा ठेवायचं की काढायचं ते ठरायचं आहे. देवळातला फोटो मी स्वतः काढून आणला.

गाडी नाचत नाचत मंगळीच्या दारात नेली. भूमिका हळदीच्या साडीत माझ्या सोबत. मंगळीनं शहापूरहून भाविकाला बोलावून घेतलं होतं. कशाला, ते तिलाच ठाऊक. भाविका ओटीवर उभी होती, दोन वर्षांचं पोर कडेवर. मी अंगणात नाचलो. पोरीचा हात धरून पूर्ण गाणं नाचलो, दम लागला, धोतर सुटायला आलं, डोळ्यांना पाणी आलं आणि डोळे मी मिटले नाय. मंगळी दाराला टेकून बघत होती, तेव्हा बघितलं होतं तशीच.

गाणं संपलं. मी हात जोडले. काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो, सगळं विसरलो.

मंगळी म्हणाली, "एवढं आवडतं तुमाला, बुवा? मग माझ्याच पोरीचं कशाला थांबवलंत?"

उत्तराची वाट तिनं बघितली नाय. पुढं आली, भाविकाच्या कडेवरचं पोर आपल्याकडं घेतलं, भाविकाला ओटीवरून खाली ढकललं आणि कमळूला म्हणाली, "आणखी एक वाजव रे. हे बुवांचं झालं. आता माझ्या भाविकाचं."

तुझा,
महिपत